सिस्टरबाईंना विचारा: भाकरीगणिक एक प्रार्थना

सर्व वाचकांना सलाम.

या महिन्यात पत्रं जरा जास्तच आली. एक आंतरदेशीय पत्रावर, कडेकडेनं वळवून लिहिलेलं. एक नातवानं मोबाइलवर टाइप करून पाठवलेलं, कारण मधूनच "आजोबा म्हणतात की" असं येतंय. एक इतकं लांब, की त्यातला प्रश्न शोधायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला. पाच निवडली आहेत.

ज्यांनी हे पान पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी सांगते: मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. नगर जिल्ह्यातल्या मिशन हॉस्पिटलात ३४ वर्षं नर्स होते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ वर्षं संडे स्कूल घेतलं. सांगते ते वॉर्डातलं आणि चुलीपुढचं. पटलं नाही तर आपल्या पाळकसाहेबांना विचारा, ते आनंदानं माझं खोडून काढतील.

प्रश्न: मी पिंपरी-चिंचवडला राहते, वय ३६. बँकेत नोकरी, दोन मुलं. लग्नाआधी तरुण संघात होते तेव्हा पहाटे उठून तासभर प्रार्थना करायचे, प्रार्थनेची वही ठेवायचे. आता सकाळी डबे, शाळेची बस, लोकल. रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात. पूर्वी उपासनेत गीत म्हणताना डोळ्यांत पाणी यायचं, तेही येईनासं झालंय. मी प्रभूपासून लांब गेले का? परत कुठून सुरुवात करू?

उत्तर: अगं, ती तासभर प्रार्थना करणारी मुलगी उठायची तेव्हा घरातला चहा कोण टाकायचं? तिचा डबा कोण भरायचं? आईच ना? मग तो तास तुझा एकटीचा नव्हता, आईनं स्वतःच्या सकाळीतून काढून तुला दिलेला होता. आता तू तो तुझ्या मुलांना देते आहेस. एवढं हिशेबात धर, मग पुढचं बोलू.

माझी आजी नेवासा तालुक्यातली. अक्षरओळख नव्हती, अंगठा उठवायची. घरात खाणारी तोंडं अकरा, त्यामुळे सकाळी चुलीपुढं बसली की तासभर उठायची नाही. पहिला गोळा काटवटीत घेऊन थापायला लागली की तिचे ओठ हलायला लागायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा जवळ सरकून कान लावला. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना चालली होती. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत पहिली थाप पडायची, भाकर हातभर होऊन तव्यावर जाईपर्यंत "आमची रोजची भाकर" आलेली असायची, वरून पाण्याचा हात फिरवताना "ऋणे" सुटायची, आणि भाकर उलटली की आमेन. मग पुढचा गोळा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

नुकताच संडे स्कूलमध्ये मत्तयाचा सहावा अध्याय झाला होता. प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका, हे पाठ होतं, त्यामुळे माझं शहाणपण उतू चाललेलं. मी म्हटलं, "आजी, तेच तेच काय म्हणतीस गं? देवाला एकदा सांगून कळत नाही का?"

आजीनं तव्यावरची भाकर निखाऱ्याला लावली, ती फुगेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेच कुठंय? मघाची थोरल्या चुलत्याची झाली. ही तुझ्या बापाची. आता तुझी येईल, ती करपंल बघ, तू लई बोलतीस."

प्रत्येक भाकर कुणाच्या तरी नावाची होती. ती खाणाऱ्याची त्या दिवसाची प्रार्थना तिच्यातच थापून व्हायची. चुलता तेव्हा दारू प्यायचा. त्याच्या भाकरीला जास्त वेळ लागायचा, हे मला फार पुढं लक्षात आलं.

तुला काळाची फूटपट्टी लावायची सवय लागली आहे: किती मिनिटं झाली? ती फेक. वेळ धरू नकोस, काम धर. रोज हाताला येणारं एकच काम. तुझ्याकडं तीन डबे भरायचे असतात म्हणजे तीन नावं आहेत. झाकण लावताना एक नाव, आणि त्या माणसाच्या आजच्या दिवसातली एकच गोष्ट: धाकट्याचा गणिताचा पेपर, नवऱ्याचा तो चिडका साहेब. एवढंच. आणि लक्षात आलं का तुझ्या, त्या सबंध प्रार्थनेत "माझी" हा शब्द कुठंच नाही. "आमची भाकर", "आमची ऋणे", "आम्हाला परीक्षेत आणू नको". ओट्याशी एकटी उभी असलीस तरी बहुवचनातच बोलायचं आहे.

मी रात्रपाळीला असताना जनरल वॉर्डात २८ खाटा असायच्या. पाऱ्याचा थर्मामीटर काखेत दिला की दोन-तीन मिनिटं थांबावं लागायचं. तेवढ्यात त्या पेशंटचं नाव देवापुढं घ्यायचं. नाडी मोजताना मात्र नाही हं, आकडा चुकतो, मी चुकवलेला आहे आणि मेट्रनची बोलणी खाल्लेली आहेत. पुढं डिजिटल थर्मामीटर आले, अर्ध्या मिनिटात टीक् वाजायला लागले, तर माझी प्रार्थना अर्धीच राहायला लागली. असो.

वाचनाचं म्हणशील तर स्तोत्र १२१ घे. आठच वचनं आहेत. कागदावर आपल्या हातानं लिहून फ्रिजला लाव आणि महिनाभर तेच वाच. दुसरं वाचू नकोस. सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलांच्या चित्रावरची वचनं येतात ना, ती वाचून पुढं ढकलणं म्हणजे वाचन नव्हे, ते पोस्टमनचं काम झालं.

डोळ्यांतल्या पाण्याचं मनावर घेऊ नकोस. वॉर्डात काही पेशंट सुई बघूनच रडायचे आणि काही ऑपरेशन होऊनही हूं की चूं करायचे नाहीत. जखम कुणाची लवकर भरते याचा त्यावरून काही पत्ता लागत नसे.

आणि नवऱ्याला हे पान वाचायला दे. आठवड्यातून एक सकाळ डबे त्यानं भरायचे. तेव्हा तू दार लावून बस.

प्रश्न: मी श्रीरामपूर तालुक्यातला, वय २४, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. आमच्या मंडळीत पंच कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडले आहेत. उपासना संपली की आवारात भांडणं होतात, एकदा पोलीस आले. गेले तीन महिने मी जात नाही. घरी यूट्यूबवर उपदेश ऐकतो आणि खरं सांगायचं तर तो आमच्या पाळकांपेक्षा चांगला असतो. देव तर सगळीकडे आहे. मग चर्चला जायलाच हवं का?

उत्तर: चांगला असतो, मान्य. मीही ऐकते. भाजी निवडताना ऐकते, आणि कंटाळा आला की पुढं ढकलते. आपल्या पाळकांना पुढं ढकलता येत नाही, पंचेचाळीस मिनिटं बसावंच लागतं, शेजारी खोकणारा माणूस असतो, पुढच्या बाकावर आपल्या विरुद्ध गटाचा. तुला हे सुटायला हवंय. मला वाटतं तू तिथंच बसायला हवं.

पण आधी तुझा राग रास्त आहे हे सांगते. मंडळीतली भांडणं नवी नाहीत म्हणून ती चांगली होत नाहीत. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा प्रभूच्या पुनरुत्थानाला जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. एवढ्यात तिथं मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे गट पडले होते. सहाव्या अध्यायात भावाभावांच्या कोर्टकचेऱ्या आहेत. अकराव्यात तर प्रभुभोजनाला काही जण पोटभर खाऊनपिऊन बसले आहेत आणि काही उपाशी. पौल रागावतो, लाज वाटेल असं बोलतो, पण तुम्ही मंडळीच नव्हे असं म्हणत नाही. पत्राच्या सुरुवातीला त्यांना "पवित्र केलेले" म्हणून हाक मारतो आणि मग झोडपतो. हा क्रम मला शिकायला पन्नास वर्षं लागली.

माझंच सांगते. आमच्या वार्षिक सभेत एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, संडे स्कूलच्या नाताळ खर्चातले ३४० रुपये कुठं गेले? माझ्याकडं वही होती. पुठ्ठ्याचे तारे, रंगीत कागद, मेंढपाळांच्या घोंगड्यांचं भाडं, सगळं लिहिलेलं. पण वही घरी होती, आणि सभेत एकही माणूस म्हणाला नाही की या बाईंना आपण ओळखतो. दुसऱ्या दिवशी मी वही नेऊन दिली. कुणी उघडून पाहिली नाही. त्यानंतर सात महिने मी चर्चची पायरी चढले नाही. आमचे यजमान एकटे जायचे, परत येऊन उपदेश काय होता ते सांगायला लागले की मी नळ मोठा सोडायची.

परत कशी गेले? काही दर्शन वगैरे झालं नाही. एका रविवारी सकाळी साडेनऊला दारात सात पोरं उभी. सगळ्यात मोठी अकरा वर्षांची. म्हणाली, "बाई, आमचा वर्ग कुणीच घेत नाही, किल्ली तुमच्याकडंच आहे." आणि खरंच, सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याच खिळ्याला लटकत होती! सात महिने ती पोरं नुसत्या फरशीवर बसत होती, कारण सतरंज्या आत बंद. मी किल्ली द्यायला गेले आणि सतरंजी झटकत बसले. झटकली की धुळीचा असा लोट उठला की पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या गृहस्थांनी माझी माफी कधी मागितली नाही. मी त्यांना माफ केलं असं म्हणायलाही मला पुढं दोन-तीन वर्षं लागली, आणि तरी सभेत ते उभे राहिले की माझ्या पोटात गोळा यायचा.

तेव्हा तुला सल्ला असा, की उपासनेला म्हणून जाऊ नकोस, कामाला म्हणून जा. रविवारी अर्धा तास आधी. कीबोर्ड लाव, वायर नीट गुंडाळ, सतरंज्या घाल, दोन्ही गटांच्या म्हाताऱ्यांना गीतांची पुस्तकं दे. उपासना संपली की आवारात रेंगाळू नकोस. गटाच्या बैठकीला तुला कुणी बोलावलं तर सांग, मला सरावाला जायचंय. व्हॉट्सअॅपच्या त्या ग्रुपमधून आजच बाहेर पड. मात्र पैशाचा खरोखर घोळ असेल, कुणावर हात उचलला गेला असेल, तर गप्प बसणं म्हणजे नम्रता नव्हे. लेखी दे, सही कर, सभेत वाचून दाखव आणि पोच घे. वही घरी ठेवून जाऊ नकोस.

एक गंमत सांगते आणि थांबते. आमच्याकडं कापणीच्या सणाला लोक अर्पण आणतात: बाजरीची पायली, भोपळे, कोंबडी, घरचा केक, कोथिंबिरीच्या जुड्या. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो, पैसे मंडळीला. आमच्यातही तेव्हा दोन गट होते. एका विधवा म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं, रुमालात गुंडाळून. लिलाव पुकारणाऱ्यानं थट्टेनं पाच रुपयांपासून सुरू केलं. एका गटानं पन्नास म्हटलं म्हणून दुसऱ्यानं शंभर. घेणाऱ्यानं ते परत अर्पण केलं, पुन्हा पुकार. तिसऱ्या खेपेला अंडं ८०० वर गेलं. चढाओढ देवासाठी नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. एवढ्यात घ्यायला आलेल्या माणसाच्या हातून ते निसटलं आणि पुकारणाऱ्याच्या पांढऱ्या बुटावर फुटलं. क्षणभर सगळं गप्प. मग ती म्हातारीच पहिल्यांदा हसली, आणि नंतर आवार हसलं, दोन्हीकडचं. भांडण त्यानं मिटलं नाही. पुढची निवडणूकही तशीच गाजली. पण त्या दिवशी पंगत मात्र एकच बसली.

घरी यूट्यूबवर तुझ्या बुटावर अंडं फुटणार नाही, एवढंच म्हणते.

प्रश्न: मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, संगमनेरचा. वय ६७. जन्मापासून ख्रिस्ती. आजोबा म्हणतात की गावात एका प्रार्थना सभेत पाहुण्या उपदेशकांनी विचारलं, तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणत्या तारखेला झालं, उभं राहून सांगा. पुष्कळांनी सांगितलं. आजोबांना तारीख आठवली नाही. त्यांना कधी तसा प्रकाश वगैरे दिसला नाही. तेव्हापासून त्यांना झोप नाही. आपलं सगळं नुसतंच रीतीचं होतं का?

उत्तर: दादा, सलाम. नातवाला माझा आशीर्वाद सांगा, पत्र छान टाइप केलंय.

ज्यांना तारीख ठाऊक आहे त्यांनी ती जरूर जपावी. पौलाला ठाऊक होती, दमास्कसच्या रस्त्यावर तो आडवाच पडला. पण बायबलात दुसराही एक रस्ता आहे, लूकच्या चोविसाव्या अध्यायातला, यरुशलेमाहून अम्माऊसकडं जाणारा. अंतर सुमारे अकरा किलोमीटर. तुमच्या हिशेबानं दोन टप्पेसुद्धा पुरे होत नाहीत. एवढं अंतर ते दोघे प्रभूबरोबर चालले, बोलले, त्याच्याकडून शास्त्र समजून घेतलं, आणि सोबत कोण आहे हे त्यांना कळलं नाही. कळलं ते घरी पोचून भाकर मोडल्यावर. मग म्हणाले, वाटेत आपलं अंतःकरण आतल्या आत पेटत नव्हतं का? म्हणजे पेटलेलं होतं, पण पत्ता नंतर लागला. आता त्यांना कुणी विचारलं असतं की प्रभू तुम्हाला कोणत्या स्टॉपला भेटला, तर काय सांगितलं असतं?

आपल्याकडचंच बघा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. केडगावचं मुक्ती मिशन उभं करणारी, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी १९२२ साली मरेपर्यंत झिजलेली बाई. तिनं स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. मग ती कोणती तारीख सांगणार? पहिली सांगितली तर दुसरी रुसते. आणि मधली आठ वर्षं काय वाया गेली? त्याच वर्षांत तिनं विधवांसाठी शारदा सदन उघडलं, १८८९ साली.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. पाच वर्षं बाई आपल्या पायानं, आपल्या चालीनं आल्या. सोवळंओवळं एकेक करून सुटत गेलं, एका रात्रीत नाही. टिळकांची गीतं तुम्ही जन्मभर म्हणत आला असाल. त्यांची चाल भजनाची आहे, फटाक्याची नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. नातवानं कंसात घातलंय: "आजोबा ड्यूटीवर पहिली बेल मारण्याआधी डोळे मिटायचे, सगळे सुखरूप पोचू देत म्हणायचे, अजून आम्ही रिक्षात बसलो तरी म्हणतात." दादा, किती वर्षं नोकरी केली तुम्ही? रोजच्या किती फेऱ्या? गाडीत माणसं किती? गुणाकार तुम्हीच करा, तिकिटांचा हिशेब आयुष्यभर केलाय. एवढ्या माणसांना देवाच्या हवाली करणारा माणूस रीतीचा ख्रिस्ती असेल, तर मला अशा रीतीची फार गरज आहे.

पुढच्या खेपेला त्या उपदेशकांनी तारीख विचारली तर खुशाल उभे राहा आणि म्हणा, "लक्षात नाही साहेब, गाडी चालू होती." आणि झोपा आता.

प्रश्न: माझे पती किडनीच्या आजारानं मार्चमध्ये गेले. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. आमच्या प्रार्थना गटातल्या काही बहिणींनी तेव्हा सांगितलं होतं, औषधं सोडा, पूर्ण विश्वास ठेवा. आम्ही सोडली नाहीत. आता त्या म्हणतात, विश्वास कमी पडला म्हणून गेले. मला प्रार्थनाच करवत नाही. (सोलापूर)

उत्तर: बाई गं, आधी स्पष्ट सांगते, आणि हे नर्स म्हणून सांगते. डायलिसिस बंद केलं असतं तर ते काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत गेले असते. तुम्ही त्यांना दोन वर्षं दिलीत. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी ऐका: साखरेचं इन्शुलिन, टीबीच्या गोळ्या, फिट्सचं औषध, डायलिसिस, प्रार्थना सुरू केली म्हणून यातलं काही बंद करायचं नसतं. मी अशी माणसं वॉर्डात उशिरा आलेली पाहिली आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे तेव्हा बाहेरच्या बाकावर नसायचे.

विश्वासाचं म्हणाल तर ज्याच्या हातून आजारी बरे झाले त्याच पौलानं आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, आणि काटा तसाच राहिला. आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दुसरा सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच सोडून त्याला पुढं जावं लागलं. त्याचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. या सगळ्यांचा विश्वास कमी पडला का, हे त्या बहिणींना एकदा विचारा. किंवा नका विचारू, तुमच्यात आत्ता ती ताकद नसेल. आंधळ्या माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं? तेव्हा प्रभूनं तो प्रश्नच मोडीत काढला. योहानाचा नववा अध्याय.

प्रार्थना करवत नाही, तर करू नका. स्तोत्र ८८ काढून ठेवा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी उजेडाकडं वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरीही ते बायबलात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. तेवढंच उघडं ठेवा, वाचलं नाही तरी चालेल. बाकी प्रार्थना आम्ही करू. मी रोज संध्याकाळी सहाला करते, तुमचं नाव मला पत्रातून कळलंय.

आमचे यजमान २०११ साली गेले. घर भरलं होतं. प्रत्येक जण एकेक वचन सांगून जात होता, मला एकही आठवत नाही. आठवतं ते असं, की मागच्या मोरीत भांड्यांचा आवाज येत होता. कोण घासतंय म्हणून डोकावले तर त्या ३४० रुपयांवाल्या गृहस्थांची बायको. पदर खोचलेला, राखेनं कोपरापर्यंत हात भरलेले. चार दिवस रोज आली. भांडी घासली, पालथी घातली, गेली. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी जाताना फक्त म्हणाली, "मोठ्या पातेल्याचा कान हलतोय, डाग द्यायला द्या."

तुमच्या गटात कुणी असं भांडी घासणारं असेल तर तिला धरा. वचनं सांगणाऱ्यांना सहा महिने दारातूनच चहा द्या.

प्रश्न: उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, काय सोडावं? मी दरवर्षी मटण सोडते, पण पुनरुत्थानाच्या रविवारी दुप्पट खाते. (नगर)

उत्तर: मग तुमचा खाटीक मोठा धीराचा असला पाहिजे.

मटण सोडा, पण त्याचे पैसे घरात राहिले तर तो उपवास नव्हे, बचत गट झाला. आमच्या नर्सिंग हॉस्टेलात मिझोरामची एक मुलगी होती. ती सांगायची, त्यांच्याकडं बाया रोज भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीच्या कामाला जातो. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललंय, आणि त्या मुठीमुठींतून तिकडच्या मंडळीनं पुष्कळ काम उभं केलंय. माझ्या आईला मी सुट्टीत हे सांगितलं. तिनं त्याच दिवशी एक पत्र्याचा डबा फडताळात ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ बाजरीच्या पिठातली मूठ त्यात टाकायला लागली. चाळीस दिवसांनी ते पीठ वस्तीवरच्या एका बाळंतिणीकडं गेलं. पुढं उपवासकाळ संपला तरी डबा तिथंच राहिला, आणि दर महिन्याला कुणाकडं तरी रिकामा होत गेला.

तुम्ही मटणाचे पैसे अशाच एका डब्यात टाका, आणि डबा कुणाकडं रिकामा करायचा ते नाव आजच ठरवून झाकणावर चिकटवा. आईचा डबा आता माझ्याकडं आहे. सध्या त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या असतात. तुमचं पत्र वाचून त्या आज टेबलाच्या खणात हलवल्या आहेत.